लॅबमधली धमनी आणि माझं एक वर्ष खाणारा पाण्याचा कॅन

नुकतंच जॉइन झालेलं कोणीतरी दर दोन महिन्यांनी विचारतं की प्लाकची, म्हणजे धमनीच्या भिंतीत साचणाऱ्या चरबीच्या थराची, सुरुवात लॅबमध्ये दाखवायचीय, कुठून सुरू करू. थिअरी तुम्हाला माहीत असणारच: खाली कोलॅजन जेलमध्ये स्मूथ मसल पेशी, त्यावर एंडोथेलियमचा (रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींचा) थर, मग ऑक्सिडाइज्ड एलडीएल (रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाहणारे कण), मग मोनोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, सोडायच्या आणि किती चिकटतात ते मोजायचं. मॉडेल जमतं हो, दोन-तीन महिने जेल सुटतात, थर फाटतो, रडायला येतं, पण जमतं. मी अडकले ते भलतीकडेच.

एलडीएल ऑक्सिडाइज करायच्या आधी त्यातलं ईडीटीए (धातू धरून ठेवणारं रसायन) डायलिसिसनं, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून बफरमध्ये बुडवून, काढावं लागतं, नाहीतर ऑक्सिडेशनसाठी कॉपर सल्फेट घालून काही होत नाही. त्या डायलिसिसला लिटरच्या हिशोबात बफर लागतो आणि तो मी कोपऱ्यातल्या डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमधून करायचे, कारण सगळे तिथूनच घ्यायचे. रिझल्ट झकास! मोनोसाइट नुसत्या गर्दी करून चिकटलेल्या, व्हीकॅम (एंडोथेलियमवरचं, मोनोसाइट धरून ठेवणारं प्रोटीन) वर गेलेलं, गाईड खूश, पोस्टर छापून झालं.

साधं एलडीएल घातलेल्या कंट्रोलमध्येसुद्धा पेशी चिकटत होत्या, हे मला पहिल्या महिन्यापासून दिसत होतं. मी काय ठरवलं, तर फ्रीजमध्ये ठेवून ते आपोआप थोडं ऑक्सिडाइज झालं असेल. ऑक्सिडेशन मोजणारी टीबार्स टेस्ट सांगत होती की झालेलं नाही, तरी मी माझंच खरं करत राहिले. शेवटी एका ज्युनियरनं सहज विचारलं, ताई, नुसता डायलिसिसचा बफर घालून बघितलास का? घातला. तेवढ्याच चिकटल्या.

एंडोटॉक्सिन होतं, म्हणजे बॅक्टेरियाच्या भिंतीतलं विष. कॅनच्या आत हात फिरवला तर बुळबुळीत थर. आता हे नीट वाचा, कारण इथेच सगळे फसतात: ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर बॅक्टेरिया अडवतो, त्यांच्या भिंतीचे तुकडे नाही. ऑटोक्लेव्हनंही ते जात नाही, काचेच्या भांड्यांना २५० डिग्रीची कोरडी उष्णता अर्धा तास लागते. म्हणजे प्लेट एकदम स्वच्छ दिसते, कंटॅमिनेशन शून्य, आणि तरी एंडोथेलियम पेटलेलं असतं. मिलीला एखाद नॅनोग्रॅमसुद्धा त्याला पुरतं आणि दिसणारा परिणाम हुबेहूब तुम्हाला हवा तोच! बफरला इंजेक्शनचं पाणी वापरा, मेडिकलमध्ये मिळतं. प्रत्येक बॅचची एलएएल टेस्ट (एंडोटॉक्सिन मोजणारी) करा, आणि लिपिडमुळे ती टेस्ट गंडू शकते म्हणून नमुन्यात मुद्दाम ठरावीक एंडोटॉक्सिन घालून ते पुरतं सापडतंय का तेही बघा. प्लेटच्या एका वेलमध्ये (खळग्यात) पॉलिमिक्सिन बी, म्हणजे एंडोटॉक्सिनला निकामी करणारं औषध, घाला, परिणाम कमी झाला की समजा तुमचा हीरो एलडीएल नव्हताच. आणि शेवटच्या डायलिसिसमधला बफर फेकू नका, तोच तुमचा खरा कंट्रोल.

बाकीचं पटकन. एलडीएल फ्रीझ करू नका, गुठळ्या होतात. टीएचपी-१ ला (लॅबमध्ये वाढवतात त्या मोनोसाइटसारख्या पेशींना) पीएमए, म्हणजे त्यांना मॅक्रोफेज बनवणारं रसायन, दिल्यावर एक-दोन दिवस साध्या मीडियात राहू द्या, लगेच प्रयोग केला तर पीएमएचाच परिणाम मोजत बसाल. नाळेतून काढलेल्या ह्युवेक (एंडोथेलियमच्या पेशी) पाचव्या पॅसेजच्या, म्हणजे पाचव्यांदा नव्या भांड्यात वाढवण्याच्या, पुढे नेऊ नका, आणि त्या शिरेच्या आहेत, धमनीच्या नाहीत, हे स्वतःच लिहून टाका, नाहीतर परीक्षक लिहितो. एथिक्स कमिटीची परवानगी पहिल्या आठवड्यातच टाका. आणि प्लेटमधलं स्थिर मीडियम म्हणजे न्यूट्रल नव्हे: शरीरात प्लाक धरतो तो फाट्यांपाशी, जिथे प्रवाह मंद आणि उलटसुलट असतो.

चिप, म्हणजे पेशींमधून प्रवाह सोडता येणारं छोटं उपकरण, घेऊ का, असं विचारतात. माझं मत कडू आहे: ज्याला प्लेटमधले कंट्रोल सांभाळता येत नाहीत तो चिपमध्ये तीच चूक महागात करतो. ड्यूक विद्यापीठाच्या गटानं २०२० मध्ये माणसाच्या पेशींच्या बारीक रक्तवाहिन्या बनवून, त्यातून प्रवाह सोडून, सुरुवातीचा अथेरोस्क्लेरोसिस (प्लाक धरण्याचा आजार) दाखवला, ते जरूर वाचा, पण तसं करायला अख्खी टीम लागते. आणि गाईड निवडताना पेपर मोजण्यापेक्षा तो बफर कुठल्या पाण्यात करतात हे सांगू शकतो का ते विचारा, माझ्या गाईडना नसतं सांगता आलं.

घाबरू नका पण. स्वच्छ पाण्यानं सगळं परत केलं तेव्हा ऑक्सिडाइज्ड एलडीएलचा परिणाम उरला, आधीच्या निम्म्याहूनही कमी, पण उरला, आणि साधं एलडीएल गप्प बसलं. थिसिसमध्ये तोच आलेख आहे. दिसायला अगदीच बुटका आहे.