एकच हार्डडिस्क विंडोज, मॅक अन् उबंटूला लावता? मग हे वाचा

आमच्या घरी सध्या तीन प्रकारचे कॉम्प्युटर नांदून राहिले. बाबांचा विंडोजवाला डेस्कटॉप, माझा जुना लॅपटॉप ज्यावर उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं कारण विंडोज त्याला झेपत नव्हतं, अन् धाकटीचं मॅकबुक. एक्स्टर्नल हार्डडिस्क मात्र एकच, 2 टीबीची, ती संक्रांतीच्या वाणासारखी या हातातून त्या हातात फिरते. अन् अशा फिरणाऱ्या डिस्कचं काय होतं ते मी मावसभावाच्या लग्नात शिकलो.

झालं असं की लग्नाचे सगळे फोटो माझ्या उबंटूवर होते, साधारण 58 जीबी. नागपूरच्या बर्डीला अल्बमवाल्याकडे द्यायचे म्हणून मी कट करून डिस्कवर पेस्ट केले, लॅपटॉपवर जागा नव्हती ना. पट्टी शंभर टक्के भरली, खाली भाऊ गाडी चालूच ठेवून हॉर्न देऊन राहिला होता, मी केबल ओढली अन् पळालो. डिस्कचा दिवा तेव्हा लुकलुकत होता, ते दिसलं होतं मला, पण मनावर घेतलं नाही. दुकानात उघडून पाहिलं तर हळदीच्या फोल्डरमधल्या निम्म्या फाइली शून्य केबीच्या. अल्बमवाल्याची काही चूक नव्हती, सगळी माझीच.

कारण साधं आहे. लिनक्स फाइल कॉपी करताना आधी रॅममध्ये घेतं अन् डिस्कवर मागाहून सावकाश लिहितं, त्यामुळे स्क्रीनवर काम संपलेलं दिसतं पण खाली चालूच असतं. म्हणून उबंटूच्या फाइल्स या ॲपमध्ये डिस्कच्या नावाशेजारचं इजेक्टचं चिन्ह दाबायचं अन् आता काढा असा मेसेज येईपर्यंत थांबायचं, मोठी कॉपी असेल तर दोन-चार मिनिटंही लागतात. टर्मिनल वापरत असाल तर सिंक ही कमांड द्या, ती परत येईपर्यंत हात लावू नका, मग इजेक्ट करा. मॅकवरही इजेक्ट. विंडोजमध्ये 2018 च्या 1809 व्हर्जनपासून बाहेरच्या डिस्कसाठी क्विक रिमूव्हल (इजेक्ट न करताही डिस्क काढता यावी अशी सोय) हेच डिफॉल्ट आहे, म्हणून तिथे बरेच जण सरळ ओढतात अन् बहुतेक वेळा निभतं, आणि तीच सवय मग उबंटूवर नडते. खाली घड्याळाशेजारी सेफली रिमूव्हचं चिन्ह आहे, ते वापरायला काय जातं.

दुसरं म्हणजे कट-पेस्ट कधीच नाही. कॉपी करा, इजेक्ट करा, डिस्क पुन्हा लावून चार फाइली उघडून बघा, मगच मूळच्या डिलीट करा.

माझे फोटो परत मिळाले ते नशिबाने. लॅपटॉपमध्ये जुनी फिरणारी हार्डडिस्क होती अन् मी त्यावर पुढे काहीच लिहिलं नाही. पेनड्राइव्हवरून उबंटू चालू केलं, फोटोरेक नावाचं फुकट टूल वापरलं अन् सापडलेलं सगळं दुसऱ्याच डिस्कवर काढलं (त्याच डिस्कवर काढलं तर वाचवायचंय त्याच्यावरच लिहिणं होतं). पण फोटोरेक फाइलींची नावं परत देत नाही, एफ आणि पुढे नुसते आकडे. फोटोच्या आत काढल्याची तारीख-वेळ असते, तिच्यावरून लावता येतात, पण आमच्याकडे दोन कॅमेरे होते अन् दोघांची घड्याळं चाळीस मिनिटांनी पुढेमागे. शेवटी मावशी दोन रात्री माझ्याशेजारी बसली, हा हळदीचा, हा सीमांतपूजनाचा, हा तर आपल्या लग्नातला नाहीच बाप्पा, असं करत.

आता सगळ्यात घातक गोष्ट. जी डिस्क कॉम्प्युटरला वाचता येत नाही तिच्याबद्दल तो नुसतं 'वाचता येत नाही' असं सांगून गप्प बसत नाही, तो थेट फॉरमॅट करू का विचारतो. मॅकची एपीएफएस डिस्क (2017 च्या हाय सिएरा व्हर्जनपासून डिस्कवर फाइली मांडायची मॅकची हीच पद्धत) किंवा उबंटूची एक्स्ट-फोर डिस्क विंडोजला लावा, वापरायच्या आधी फॉरमॅट करावी लागेल अशी खिडकी येऊ शकते. मॅक इनिशियलाइज, इजेक्ट आणि इग्नोर असे पर्याय देतो, त्यातलं इनिशियलाइज म्हणजे पुसायची तयारी. विंडोजच्या बिटलॉकरने कुलूप लावलेली डिस्कही मॅकला अशीच अनोळखी वाटते. डिस्क खराब झालेली नसते, ती फक्त परकी असते. विंडोजवर कॅन्सल, मॅकवर इजेक्ट, अन् जिथे तिची भाषा कळते त्या मशीनला नेऊन लावा. चुकून फॉरमॅट दाबलं गेलंच तर तिथल्या तिथे काढा अन् काहीही कॉपी करू नका. साध्या हार्डडिस्कवर क्विक फॉरमॅट झालं असेल तर डेटा बहुतेक खाली असतोच, एसएसडीवर मात्र ट्रिममुळे (पुसलेली जागा आपोआप रिकामी करायची सोय) लगेच साफ झालेला असू शकतो.

मग डिस्क कशात फॉरमॅट करायची? फॅट-32 मध्ये एक फाइल 4 जीबीपर्यंतच, लग्नाचा व्हिडिओ बसतच नाही. विंडोजची नेहमीची पद्धत म्हणजे एनटीएफएस, ती मॅक वाचतो पण स्वतःहून त्यावर लिहीत नाही, लिहायला वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो. तिघांनाही चालतं ते एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने त्याचं स्पेसिफिकेशन 2019 मध्ये खुलं केलं अन् 2020 च्या 5.7 कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) लिनक्समध्ये त्याचा चांगला ड्रायव्हर आला. डिस्क रिकामी करून विंडोजवरच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, मॅकवर केलेली कधी कधी विंडोज ओळखत नाही. पण एक्सफॅटला जर्नल नाही, म्हणजे कुठलं काम अर्धवट राहिलं याची वही ते ठेवत नाही. मे महिन्याच्या दुपारी बत्ती गुल झाली अन् डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर चालू कॉपीसोबत फोल्डरची यादीसुद्धा बिघडू शकते. म्हणून एक्सफॅटची डिस्क फक्त ने-आण करायला, एकुलती कॉपी तिच्यावर ठेवायची नाही.

एनटीएफएसच ठेवायची असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करा. विंडोज 8 पासून शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नसतं, अर्धी झोप असते, अन् डिस्क लावलेलीच राहिली तर तीही अर्धवट उघडी राहू शकते. अशी डिस्क उबंटूला लावली की ते नुसती वाचायला देतं किंवा उघडतच नाही, मग आपण नेटवर शोधून जबरदस्तीने उघडायची कमांड मारतो आणि तिथेच घात होतो. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटन काय करतात ते निवडा, तिथली फास्ट स्टार्टअपची टिक काढा. घाईत असाल तर शिफ्ट दाबून शटडाउन. दुरुस्तीही ज्याची त्याच्याकडे, एनटीएफएस असेल तर विंडोजच्या चेकडिस्कने. उबंटूतलं एनटीएफएसफिक्स हे पूर्ण चेकडिस्क नाही. डिस्क कटकट आवाज करत असेल तर चेकडिस्कही नको, आधी जे निघतं ते काढून घ्या.

मॅकवर एक्सफॅट डिस्क लावली अन् ती बराच वेळ दिसलीच नाही तर घाबरून ओढू नका. मागच्या वेळी नीट काढली नसेल तर मॅक मागे गुपचूप तपासणी करत असतो, मोठ्या डिस्कला तासही लागू शकतो. आमची धाकटी दर पाच मिनिटांनी काढून लावत होती, तपासणी दर वेळी पहिल्यापासून.

नावांचाही घोळ आहे. उबंटूत नावात प्रश्नचिन्ह, कोलन चालतात, विंडोजला नाही. इंग्रजी नाव एक कॅपिटलमध्ये अन् एक स्मॉलमध्ये अशा दोन फाइली उबंटूत शेजारी राहतात, एक्सफॅटवर नेल्या की एक दुसरीवर चढते, तेव्हा सगळ्यांना रिप्लेस दाबू नका. मराठी नावांची गंमत तर वेगळीच. उबंटूच्या एक्स्ट-फोरमध्ये नावाला 255 बाइट मिळतात अन् देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं, म्हणजे काना-मात्रा धरून 85 चिन्हं, विंडोजवर ठेवलेलं लांबलचक नाव तिथे कॉपीच होत नाही. अन् वऱ्हाड नावाचं आमचं फोल्डर एकदा दोनदा दिसायला लागलं, कारण त्यातला ऱ एका अक्षराने लिहिता येतो किंवा र खाली नुक्ता देऊन, मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत दुसऱ्या प्रकारे साठवते. डोळ्याला एकच, कॉम्प्युटरला दोन. डुप्लिकेट समजून उडवायच्या आधी दोन्ही उघडून बघा, आमच्या एकात सकाळचे फोटो होते अन् दुसऱ्यात संध्याकाळचे.

आता डिस्कवर पांढरी चिकटपट्टी लावली आहे, मावशीच्या अक्षरात: एक्सफॅट, फॉरमॅट विचारलं तर कॅन्सल, आधी फोन करा.