लाल कॉलनी दिसली म्हणून लगेच लिहू नका

परळच्या आमच्या लॅबमध्ये नवीन आलेल्याला मी पहिलं काम देते ते कॉलनी, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले पुंजके, मोजायचं. नाळेच्या रक्तातल्या सीडी३४ पेशी (ज्यांच्यापासून पुढे रक्तपेशी बनतात त्या) मिथाइलसेल्युलोजच्या जेलमध्ये मिसळायच्या, ३७ अंशांवर १४ दिवस ठेवायच्या आणि कुठल्या पेशीपासून कुठल्या रक्तपेशी झाल्या ते बघायचं.

हे जेल काकवीसारखं चिकट असतं. पिपेटने घ्याल तर निम्मं टिपमध्येच राहील, म्हणून जाड बोथट सुई आणि सिरिंज घ्या. ढवळून झाल्यावर बुडबुडे वर येईपर्यंत थांबा. ३५ मिमीच्या प्लेटमध्ये १.१ मिली सोडा आणि शेजारी निर्जंतुक पाण्याची उघडी प्लेट ठेवा. मी एकदा विसरले. बाहेर जुलैचा पाऊस, भिंतींना ओल, आणि इन्क्युबेटरमध्ये माझ्या प्लेटा कडेने वाळलेल्या! पाण्यावाचून चौदा दिवस पाण्यात गेले.

मोजताना लालसर, घोसासारखे पुंजके तांबड्या पेशींचे. रंगहीन, कडेला पेशी विखुरलेल्या असतील तर जीएम, म्हणजे ग्रॅन्युलोसाइट-मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशींचे. दोन्ही एकत्र दिसले तर ‘मिश्र’ लिहिण्याआधी फोकस खालीवर करा; पुष्कळदा दोन कॉलन्या एकीवर एक बसलेल्या असतात.

मग मुलं वहीत लिहितात, ‘ईपीओमुळे लाल झाली.’ ईपीओ म्हणजे एरिथ्रोपोएटिन, तांबड्या पेशी वाढवणारं संप्रेरक. इथे मी पेन काढून घेते. ईपीओ नसेल तर लाल कॉलनी वाढणार नाही, कबूल. पण मुळात ईपीओचा रिसेप्टर, म्हणजे त्याला धरणारं पेशीवरचं प्रथिन, बनवायला जनुक चालू लागतं, आणि ते चालू करणाऱ्यांत गाटा१ हा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन) असतो. हिमोग्लोबिनची जनुकंही तोच चालू करतो. पलीकडे पीयू.१ हा तसाच फॅक्टर मायलॉइड, म्हणजे जीएमसारख्या पेशींची, जनुकं चालू करतो, आणि दोघं एकमेकांना धरून एकमेकांचं काम अडवतात.

पण म्हणून फळ्यावर लगेच एका पारड्यात गाटा१, दुसऱ्यात पीयू.१ असा तराजू काढू नका. २०१६ मध्ये उंदराच्या जिवंत पेशी दिवसचे दिवस पाहिल्या, तेव्हा दिसलं की या दोघांच्या कमीजास्त प्रमाणाने, पेशीने तांबडी व्हायचं की मायलॉइड, ही निवड सुरू होत नाही. झालेली निवड ते पक्की करतात. चौदाव्या दिवशीची कॉलनी तर त्याच्याही फार नंतरची.

तरी हे दोघं कुठे किती आहेत ते तपासायचंच असेल तर लाल कॉलन्या आणि जीएम कॉलन्या वेगवेगळ्या नळ्यांत उचला, आरएनए काढा, कुठलं जनुक किती चालू आहे ते मोजायला क्यूपीसीआर लावा. आणि त्यासाठी लागणाऱ्या प्राइमरच्या (ठरावीक जनुक हेरणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्यांच्या) यादीत पीयू.१ सापडत नाही म्हणून माझ्याकडे येऊ नका. त्याच्या जनुकाचं नाव एसपीआय१ आहे.