नेट गेलं की लगेच रीस्टार्ट? नेटवर्क दुरुस्त करताना या चुका टाळा

नेट गेलं की पहिला हात राउटरच्या बटणाकडे जातो. रीस्टार्टने बऱ्याचदा काम चालू होतंही, पण अनेक राउटर आणि स्विच (केबलने मशीन एकमेकांना जोडणारी पेटी) आपला लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, रॅममध्ये ठेवतात. वीज तुटली की तो पुसला जातो आणि दोषाचा मागच उरत नाही. म्हणून आधी लॉगचा स्क्रीनशॉट घ्या, पोर्टचे दिवे बघा आणि त्रास एकाच मशीनला आहे की सगळ्यांना, हे विचारून घ्या.

मग खालून वर चढत जा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) चालवा, मशीनचा आयपी पत्ता दिसेल. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, उत्तर आलेलं नाही. इथे डीएनएस (साइटच्या नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी सेवा) बदलत बसणं म्हणजे वेळ घालवणं. केबल, व्हीलॅन (स्विचवर पाडलेले नेटवर्कचे वेगळे भाग) आणि डीएचसीपी पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा) संपलाय का, ते तपासा. पत्ता ठीक असेल तर आधी गेटवेला (बाहेर जायचा रस्ता, बहुधा राउटर) पिंग करा, म्हणजे उत्तर येतं का ते बघा, नंतर ८.८.८.८ ला (गूगलचा डीएनएस सर्व्हर), शेवटी एखाद्या साइटच्या नावाला. आकडा लागतो पण नाव लागत नाही, तर दोष डीएनएसचा. मात्र काही मशीन पिंगला उत्तरच देत नाहीत, त्यामुळे नुसत्या पिंगवरून ती बंद आहेत असं धरू नका.

सर्वांत जास्त दमवणारा दोष म्हणजे पत्ता मिळतो, पण भलत्याच रेंजमधला. कुणीतरी जास्तीचा वायफाय राउटर आणून त्याचा लॅन पोर्ट भिंतीतल्या सॉकेटला जोडलेला असतो, आणि तोही पत्ते वाटू लागतो. जुनी मशीन चालत राहतात, नव्याने सुरू होणारी अडकतात, म्हणून संशय भलतीकडेच जातो. 'आयपीकॉन्फिग /ऑल' मध्ये डीएचसीपी सर्व्हरचा पत्ता बघा, 'एआरपी -ए' (arp -a) ने त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) काढा आणि स्विचच्या मॅक टेबलमध्ये तो कोणत्या पोर्टवर आहे ते शोधा. पुन्हा असं होऊ नये म्हणून स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (भलत्या पोर्टवरून पत्ते वाटणं अडवणारी सोय) चालू करा. मात्र खऱ्या सर्व्हरकडे जाणारा पोर्ट आधी 'ट्रस्टेड' करा. हे विसरलात तर कुणालाच पत्ता मिळणार नाही.

सगळे दिवे एकाच लयीत वेड्यासारखे लुकलुकत असतील तर लूप, म्हणजे केबलचा बंद फेरा, शोधा. इथरनेट फ्रेमला टीटीएल (किती टप्प्यांनंतर टाकून द्यायचं याचा आकडा) नसतो, त्यामुळे ब्रॉडकास्ट (सगळ्यांना पाठवलेला निरोप) फिरतच राहतो. यासाठीच रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये जास्तीची वाट बंद ठेवून लूप तोडणारा स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल तयार केला. तो 'भानगड नको' म्हणून बंद करू नका. ज्या पोर्टवर फक्त संगणक जोडायचे आहेत तिथे बीपीडीयू गार्डही (कुणी स्विच जोडला तर पोर्ट बंद करणारी सोय) लावा.

लिंक गिगाबिटऐवजी १०० एमबीपीएसवर आली तर आधी केबल बदला. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, म्हणून एखादी तार तुटली तरी नेट 'चालतं'. एका बाजूला स्पीड-डुप्लेक्स पक्कं आणि दुसरीकडे ऑटो, असंही ठेवू नका. १०० एमबीपीएसवर ऑटोवाली बाजू हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने पाठवणं) घसरते; पिंग नीट लागतो आणि मोठी फाइल मात्र रांगत जाते.

काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात? एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, तपासा. पीपीपीओईवर (काही ब्रॉडबँड जोडण्यांची लॉगिन पद्धत) तो साधारण १४९२ असतो, म्हणून विंडोजवर बाहेरच्या पत्त्याला 'पिंग -एफ -एल १४६४' (ping -f -l 1464) करून बघा. उरलेले २८ बाइट आयपी आणि आयसीएमपीच्या (पिंग आणि चुकांचे निरोप नेणारा प्रोटोकॉल) हेडरचे. सुरक्षेच्या नावाखाली सगळा आयसीएमपी अडवणं ही इथली खरी चूक आहे. 'पॅकेट मोठं आहे' हा निरोपच पाठवणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

दुरुस्तीच्या घाईत फायरवॉलवर 'एनी-एनी' (कुणालाही कुठेही जाऊ देणारा) नियम टाकला जातो, किंवा घरून काम करता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडला जातो, आणि तो तसाच राहतो. तात्पुरत्या नियमाच्या वर्णनात काढायची तारीख लिहा. रिमोट डेस्कटॉप व्हीपीएनमागे (सुरक्षित खासगी जोडणी) घ्या, उघड्यावर पासवर्ड पाठवणारं टेलनेट बंद करून कूटबद्ध एसएसएच वापरा, एसएनएमपीची (उपकरणांवर दुरून नजर ठेवायचा प्रोटोकॉल) 'पब्लिक' ही पासवर्डसारखी स्ट्रिंग बदला. पोर्ट खरंच बंद झाला का, हे मोबाइल डेटावरून तपासा. आतून स्वतःच्याच पब्लिक पत्त्यावर केलेली चाचणी अनेक राउटरवर चुकीचं उत्तर देते.