मूठ सैल करा, ताई! चाळिशीत घोडेस्वारी शिकताना या चुका टाळा

मार्च एंडिंगचा गाडा ओढून झाला आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी पुण्याबाहेरच्या एका घोडेस्वारीच्या क्लासला नाव घातलं. वय ४३, नोकरी बँकेत, रात्री दोनला जाग येण्याची सवय, आणि आमच्या डॉक्टरीणबाईंचं पालुपद, "काहीतरी छंद लावून घ्या." डोक्यात चित्र जाहिरातीतलं होतं, मोकळं माळरान आणि मोकळे केस. प्रत्यक्षात पहिली वीस मिनिटं रोझी नावाची तांबडी घोडी मैदानाच्या मधोमध उभी होती आणि मी तिच्यावर. ती हलेना, मला उतरता येईना. आमचे उस्ताद लष्करातून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. कठड्याला टेकून ते बघत होते. शेवटी म्हणाले, "ताई, टाचंनं चल म्हणताय अन् हातानं थांब म्हणताय. तिनं ऐकायचं कुणाचं?"

याला आता तीन वर्षं झाली. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्यात, उरलेल्या माझ्यानंतर आलेल्या बायकांना करताना पाहिल्यात.

लगाम म्हणजे लोकलचा दांडा नव्हे

तोल गेला की हात आपोआप काहीतरी घट्ट धरतो, आणि घोड्यावर हाताशी असतो तो लगाम. त्याचं दुसरं टोक मात्र घोड्याच्या तोंडात असतं. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर, जिभेवरून कडियाळ, म्हणजे लगामाला जोडलेली लोखंडी दांडी, गेलेलं असतं. आपण आधारासाठी लोंबकळलो की तो सगळा भार त्या जिभेवर येतो. मग घोडी मान झटकते, तोंड उघडते, नाहीतर रोझीसारखी सरळ उभी राहते. आणि आपण म्हणतो, घोडी हट्टी आहे.

घाबरलात तर आयाळ धरा, बिनधास्त मूठभर धरा. तोंडाला बसलेल्या हिसक्याच्या मानाने घोड्याला त्याचं काहीच वाटत नाही. नाहीतर खोगिराची पुढची कड धरा. लगाम धरलेली मूठ हातात चिमणीचं पिल्लू असल्यासारखी हवी, उडूही नये आणि गुदमरूही नये.

पुण्या-मुंबईच्या क्लासमधले बरेच घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले असतात, हेही लक्षात असू द्या. शर्यतीत लगाम आखडला की जोरात पळायचं, एवढं त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. त्यामुळे घोडा वेग घेतोय म्हणून तुम्ही एकसारखं खेचत राहिलात, तर त्याला ते प्रोत्साहन वाटू शकतं. ओढा, सोडा, परत ओढा, परत सोडा. त्यानेही भागलं नाही तर घोडा हळूहळू गोलात वळवा. आधी मोठा गोल, मग लहान. वळताना वेग आपोआप मोडतो.

श्वास धरून बसणं

पाठीवर माशी बसली तर घोडा नेमकी तेवढीच कातडी थरथरवून तिला उडवतो. ज्याला माशीचं वजन कळतं, त्याला तुमच्या आवळलेल्या मांड्या कळणार नाहीत का? घोडा हा शिकार होणारा प्राणी. कळपातलं एक अंग ताठलं की बाकीच्यांनी ओळखायचं, आसपास काहीतरी आहे. तुमचं अंग ऑफिसच्या मेलमुळे ताठलंय, हे त्याला कळायचा काही मार्ग नाही. तो कुंपणापलीकडच्या प्लॅस्टिकच्या पिशवीकडे संशयाने बघायला लागतो.

"रिलॅक्स व्हा" म्हटल्याने आजवर कुणी रिलॅक्स झालेलं मी पाहिलं नाही. बोलणारा माणूस मात्र श्वास धरून ठेवू शकत नाही. म्हणून मी मोठ्यांदा सतराचा पाढा म्हणायचे. दुडकी चाल दोन ठोक्यांची असते, एक-दोन, एक-दोन. त्या ठोक्यावर उठायचं-बसायचं आणि पाढा म्हणायचा. पाढा अडला की समजायचं, श्वासही अडलाय. पहिल्या दिवशी लाज वाटली खरी, पण क्लासमध्ये पलीकडे एक आजोबा रामरक्षा म्हणत रपेट मारायचे, त्यामुळे माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

गुडघे आवळणं आणि खाली बघणं

आपल्या भाषेत घोड्यावर 'मांड ठोकतात', गुडघा ठोकत नाहीत. गुडघे आवळले की कपड्याचा चिमटा गोल दांड्यावरून वर निसटतो तशा तुम्ही खोगिरातून वर ढकलल्या जाता. वजन खाली, टाचेत गेलं पाहिजे. बाजूने पाहिलं तर कान, खांदा, कंबर, टाच एका ओळीत दिसायला हवेत. खालचा घोडा अचानक काढून घेतला तर तुम्ही पायांवर उभ्या राहाल की तोंडावर पडाल, असं स्वतःला विचारा. संगणकासमोर वीस वर्षं पोक काढून बसलेल्या आम्हा बायकांचं उत्तर सहसा दुसरंच असतं.

रिकिबीची, म्हणजे पाय ठेवायच्या कडीची, लांबी चुकली तरी असंच होतं. चढण्याआधी बोटांची टोकं रिकिबीच्या वरच्या बकलाला लावा आणि रिकीब हाताला लावून ताणा. ती काखेपर्यंत आली की सुरुवातीला ठीक. गुडघा दुखतोय तर बहुधा आखूड झालीय, चवड्याने सारखी रिकीब शोधावी लागतेय तर लांब.

"पायात जोर नाही हो आता", हे मी दर महिन्याला ऐकते. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज हा घोड्याच्या शिस्तबद्ध चालींचा प्रकार पहिल्यांदा स्त्रियांसाठी खुला झाला आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेलने पुरुषांच्या बरोबरीने खेळून रौप्यपदक घेतलं. पोलिओमुळे तिचे पाय गुडघ्याखाली लुळे होते, घोड्यावर चढा-उतरायलाही मदत लागायची. घोडा तुमच्या पायांतल्या जोराने चालत नाही. तुमच्या बसण्यातून त्याला काय कळतं, त्याने चालतो.

पाच मिनिटं आधी येऊन पाच मिनिटांत निघणं

ताण घालवायचा असेल तर माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गाडी लावली, घोडा तयारच उभा, पाऊण तास रपेट, फोन काढला, गेल्या. जिमच्या मशीनला वागवावं तसं. मीही पहिले चार महिने असंच केलं आणि घरी येऊन तितकीच चिडचिड करत राहिले.

मग एकदा घोड्यांची देखभाल करणारा सईस गावाला गेला होता आणि उस्तादांनी माझ्या हातात खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासायचा ब्रश, दिला. मानेपासून सुरू करायचं, गोल गोल, मग खांदा, पाठ, शेवटी मागचा पुठ्ठा. धुळीचा ढग उठतो, वाळलेला घाम सुटून येतो, गवत आणि कातड्याचा वास नाकात बसतो. दहाएक मिनिटांनी रोझीचा खालचा ओठ लोंबायला लागला, कान बाजूला पडले, मागचा एक पाय तिने सैल सोडला आणि एक लांब, फुरफुरता श्वास टाकला. त्याबरोबर माझाही सुटला. केव्हापासून धरून ठेवला होता कोण जाणे. तेव्हापासून मी अर्धा तास आधी जाते. चुकून कधी वेळ कमी पडला तर रपेट सोडते, खरारा सोडत नाही.

याच वेळात घोडा वाचायलाही शिकता येतं. कान पुढे म्हणजे कुतूहल, मानेला चिकटून मागे म्हणजे लांब राहा. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांच्या कानांची टोकं आत वळलेली असतात, तो राग नव्हे, ती ठेवणच तशी. ठीक मागे उभ्या राहू नका, तिथलं घोड्याला दिसत नाही. आणि दोर हाताला गुंडाळून कधीच धरू नका, एकदाही नाही.

राग घेऊन खोगिरात

ऑफिसात एकाशी कडाक्याचं वाजलं, त्या संध्याकाळी मी हट्टाने क्लासला गेले. उस्ताद म्हणाले, आज नुसतं हातात धरून फिरवा. मी ऐकलं नाही. तिसऱ्या फेरीत टाच जरा जास्तच जोरात बसली, रोझी उडाली आणि मी वाळूत. हाड मोडलं नाही, पण आठवडाभर डाव्या कुशीवर झोपता आलं नाही. डोकं भणभणलेलं असेल त्या दिवशी घोड्याबरोबर चाला, त्याच्यावर बसू नका. पडल्यावर "लगेच परत चढ" म्हणणारे भेटतील. डोक्याला मार बसला असेल तर त्यांचं मुळीच ऐकू नका, आधी डॉक्टर.

भाकरी का करपली, घोडा का अडला, या कोड्याचं उत्तर तुम्हाला माहीतच आहे, न फिरवल्यामुळे. दिवसभर पागेत बांधलेला घोडा सुटला की अंगात वारं भरल्यासारखा करतो. नवख्या असाल तर त्याला आधी कुणीतरी फिरवलाय का, हे विचारून मगच बसा. आणि माथेरानला घोड्यावर बसून पॉइंट बघितलेत म्हणून "मला येतं" असं सांगू नका. तिथे मोटारी चालत नाहीत म्हणून घोडा हे वाहन आहे, आणि लगाम बहुतेक वेळा घोडेवाल्याच्या हातात असतो.

सामानाचं थोडक्यात

सायकलचं हेल्मेट चालत नाही, घोडेस्वारीचंच हवं, आणि एकदा आपटलेलं पुन्हा वापरायचं नाही. ओढणी, लोंबते कानातले, बांगड्या, लांब मंगळसूत्र घरी. बुटाला इंचभर टाच आणि साधा तळ हवा. ट्रेकिंगच्या जाड खाचांचे बूट रिकिबीत अडकतात. चांगली स्पोर्ट्स ब्रा आणि मांडीच्या आतल्या बाजूला जाड शिवण नसलेली पँट, यावर खर्च करा. धनुर्वाताची लस घेतलीय का बघा, त्याचे जंतू लिदीत आणि पागेच्या मातीत असतात. मणक्याचा त्रास, ठिसूळ हाडं किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. वजनाची लाज नको, हिशेब हवा. सामानासह स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या साधारण वीस टक्क्यांच्या आत ठेवतात, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला ८० किलो.

तंग, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळायचा पट्टा, दोनदा तपासा, चढण्याआधी आणि चार पावलं चालून झाल्यावर. काही घोडे तंग आवळताना पोट फुगवतात आणि मग हळूच सोडतात. रोझी यात तरबेज आहे.

रपेट झाल्यावर तिला गूळ द्यायचा असतो, तोही उस्तादांना विचारून. तळहात सपाट ठेवा, अंगठा बोटांना चिकटवून. मी पहिल्यांदा गुळाचा खडा चिमटीत धरून पुढे केला होता.