टीव्हीसाठी मिनी पीसी किंवा स्ट्रीमिंग बॉक्स घेताय? रॅम नंतर, आधी चिप बघा

एमजी रोडवर दुकानात जाऊन टीव्हीला जोडायला काहीतरी दाखवा म्हटलं की बोलणं लगेच रॅमवर येतं, चार जीबी देऊ का आठ, आणि मग खोक्यावर मोठ्ठं ८के छापलेला बिननावाचा अँड्रॉइड बॉक्स समोर येतो. तो घेऊ नका. किंमत कितीही कमी असली तरी घेऊ नका. २०२३ मध्ये टी९५ नावाच्या अशाच स्वस्त बॉक्समध्ये आधीपासून भरलेलं मालवेअर सापडलं होतं, आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० या मालवेअर लागलेल्या उपकरणांच्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला, त्यातही असलेच बॉक्स होते. घरातल्या वायफायला, ज्यावरून आई बँकेचं अ‍ॅप वापरते, त्याला असली वस्तू जोडायचीच कशाला.

१. काय बघणार ते लिहून काढा

दोन रकाने करा. एकात नेटफ्लिक्स, प्राइम, हॉटस्टार, यूट्यूब. दुसऱ्यात स्वतःच्या फाइली, म्हणजे लग्नाचं शूटिंग, फोनवरचे व्हिडिओ, हार्ड डिस्कवर साठवलेले सिनेमे. कुठला रकाना जड आहे ते बघा, पुढचं सगळं त्यावर ठरतं.

२. चिप आणि सर्टिफिकेट

सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले इथेच मिळतात आणि मलाही हे नीट उलगडायला बराच वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी स्वतःच्या फाइलींचं. व्हिडिओ साठवताना दाबून लहान केलेला असतो आणि बघताना तो उलगडावा लागतो, याला डिकोडिंग म्हणतात. हे काम चिपमधल्या खास भागाने केलं तर पंखा आवाजसुद्धा करत नाही, पण तो भाग तुमच्या फाइलीचा प्रकार ओळखत नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो, चित्र अडखळतं, आवाज पुढे जातो आणि लोक म्हणतात रॅम वाढवा. रॅम वाढवून काहीही होत नाही! आज तीन प्रकार चालले पाहिजेत: एच.२६४, एचईव्हीसी (जास्त रंगछटांच्या १० बिट प्रकारासकट) आणि एव्ही१. आयफोन १२ पासूनचे एचडीआर (उजेड आणि रंग जास्त खुलवणारे) व्हिडिओ १० बिट एचईव्हीसीच असतात, त्यामुळे आम्ही काही ४के सिनेमे ठेवत नाही असं म्हणून हे टाळता येत नाही.

इंटेलमध्ये १० बिट एचईव्हीसी नीट चालतं सातव्या पिढीपासून, एव्ही१ अकराव्या पिढीपासून. म्हणजे ऑफिसातून निघालेला चौथ्या पिढीचा आय५ कुणी स्वस्तात देत असेल तर तो एक्सेलला चांगला आहे, टीव्हीला नाही. नावात आय५ आहे म्हणून भुलू नका, २०२३ च्या सुरुवातीला आलेली साधी एन१०० चिप हे तिन्ही प्रकार उलगडते आणि तिचा टीडीपी, म्हणजे वीज आणि उष्णतेचा ठरलेला आकडा, फक्त ६ वॅट आहे. मिनी पीसी घ्यायचा तर माझं मत सरळ आहे, एन१०० किंवा त्याच कुटुंबातली चिप, ८ जीबी रॅम, छोटी एसएसडी, बास. रास्पबेरी पाय (एकाच छोट्या बोर्डवरचा संगणक) आवडत असेल तर लक्षात ठेवा, पाय ४ आणि पाय ५ दोन्ही ४के एचईव्हीसी चालवतात पण एव्ही१ साठी दोघांतही हार्डवेअर नाही.

आता ओटीटीचं. इथे चिपची ताकद जवळपास बिनमहत्त्वाची आहे, इथे चालतं सर्टिफिकेट. वाइडवाइन नावाची कुलूपव्यवस्था असते, तिचा एल१ दर्जा असेल तरच अ‍ॅप एचडी आणि ४के देतं, एल३ असेल तर तुम्ही ४के चे पैसे भरा नाहीतर काही करा, चित्र डीव्हीडीच्या आसपासचं येणार. प्ले स्टोअरवर डीआरएम इन्फो नावाचं अ‍ॅप आहे, ते दुकानातच टाकून बघा. पण एल१ दिसलं म्हणून लगेच पैसे देऊ नका, नेटफ्लिक्सची मान्यता वेगळी असते, ती नसेल तर एल१ असूनही एचडी मिळत नाही. नेटफ्लिक्सचं अ‍ॅप बाहेरून फाइल आणून टाकावं लागत असेल तर तो बॉक्स सोडा. गुगल टीव्हीची अधिकृत परवानगी असलेला बॉक्स, फायर टीव्ही स्टिक किंवा अ‍ॅपल टीव्ही यांपैकी काही घेतलं की हा प्रश्नच उरत नाही.

आणि म्हणूनच "एकच भारी पीसी घे, त्यात सगळं होतं" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. पीसीच्या ब्राउझरवर बऱ्याच ओटीटी सेवा टीव्ही बॉक्सपेक्षा कमी दर्जाचं चित्र देतात, लिनक्स टाकलं तर आणखी कमी, शिवाय सोफ्यावर बसून माऊस फिरवत बसायचं. दोन्ही रकाने भरलेले असतील तर दोन वस्तू घ्या, ओटीटीला सर्टिफाइड स्टिक आणि फाइलींना एन१०० वर कोडी नावाचं व्हिडिओ प्लेअर, टीव्हीला एचडीएमआय पोर्ट एकापेक्षा जास्त असतातच. एकच महागडी वस्तू घेऊन दोन्हीकडे तडजोड करण्यापेक्षा हे कधीही बरं.

३. एचडीएमआय

६० हर्ट्झवर ४के पाहिजे तर २.० किंवा वरचं, १.४ वर ३० च मिळतं. जुन्या पीसीला डिस्प्लेपोर्ट १.२ असेल तर अ‍ॅक्टिव्ह अडॅप्टरने काम होतं, साध्या स्वस्त अडॅप्टरने नाही.

४. नेटवर्क

इंदिरानगर, सिडको, कुठेही अपार्टमेंटमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या सगळ्या राउटरची गर्दी असते, ५ गिगाहर्ट्झ वापरा किंवा सरळ लॅन केबल ओढा. ओटीटीला १०० एमबीपीएसचा पोर्ट भरपूर झाला, पण ४के ब्लू-रे दर्जाच्या फाइलींचा वेग मध्येमध्ये १०० च्या वर उसळतो, तेव्हा गिगाबिट पोर्टच लागतो.

५. आवाज

साउंडबार असेल तर टीव्हीच्या एआरसी पोर्टलाच जोडा, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे परत पाठवणाऱ्या एचडीएमआय पोर्टला. डॉल्बी ट्रूएचडी मूळ स्वरूपात हवं असेल तर ईएआरसी, म्हणजे त्याचीच सुधारित आवृत्ती, लागतं, साध्या एआरसीवर ते जात नाही.

६. जागा

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि आपण बॉक्स ठेवतो काचेचं दार असलेल्या शोकेसमध्ये, सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर. बिनपंख्याची मशीन तिथे तापून हळू होणारच. दार काढा नाहीतर टीव्हीमागे मोकळ्या हवेत लावा.

७. जोडल्यावर लगेच

टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टची पूर्ण क्षमता चालू आहे का बघा, सॅमसंगवर तिला इनपुट सिग्नल प्लस म्हणतात, सोनीवर एन्हान्स्ड फॉरमॅट. ती बंद असेल तर नवीन बॉक्स असूनही एचडीआर येत नाही आणि लोक बॉक्स परत करायला जातात. मग कोडीत अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट चालू करा, फायर टीव्हीवर मॅच ओरिजिनल फ्रेम रेट. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, तो ६० हर्ट्झवर समान वाटला जात नाही, म्हणून कॅमेरा आडवा सरकताना चित्र झटके देतं. हे सेटिंग केल्यावर झटके कमी होतील.

शेवटी यूट्यूबवर एखादा ४के व्हिडिओ लावून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडा. कोडेकसमोर एव्ही०१ (म्हणजे एव्ही१) किंवा व्हीपी०९ (यूट्यूब वापरतं तो आणखी एक प्रकार) दिसेल आणि खाली ड्रॉप्ड फ्रेम्सचा, म्हणजे गळालेल्या फ्रेमचा, आकडा. पाच मिनिटं चालू द्या. आकडा सतत वाढत असेल तर ही चिप तो प्रकार उलगडू शकत नाहीये, बिल सांभाळून ठेवा आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत बदलून घ्या.