बहिणीबरोबर दोन दिवस माथेरान: वर्षानुवर्षं राहून गेलेली ट्रिप कशी जमवायची

ताई डोंबिवलीला आणि मी पुण्यात. म्हणजे अंतर बघायला गेलं तर काहीच नाही, आणि भेटीही होतात, गणपतीत, दिवाळीत, कुणाच्या तरी लग्नात. पण त्या भेटीत बोलणं कधी होतं? एक पुऱ्या लाटतेय, दुसरी तळतेय, मधूनच "आई माझा चार्जर कुठाय" अशी हाक, मग पाहुणे, मग भांडी, मग निघायची घाई, आणि "तुला एक सांगायचं होतं" ते राहूनच जातं. म्हणून माझं ठाम मत आहे की सख्ख्या भावंडांनी अधूनमधून फक्त दोघांनीच बाहेर पडायला हवं, नवरा नाही, मुलं नाहीत, आईबाबाही नाहीत. आम्ही हे कसं जमवतो ते सविस्तर लिहितेय. भाऊ-बहीण असाल किंवा दोघे भाऊ असाल तरी बरंचसं लागू पडेल.

तारीख आधी, जागा नंतर

बहुतेक ट्रिपा "कुठे जायचं" इथेच अडकतात. दोघी एकमेकींना रील पाठवत बसतात, कोकण का महाबळेश्वर, आणि महिनाभराने विषय थंड. तर पहिल्या फोनवर जागेचं नावच काढायचं नाही. दोघींनी कॅलेंडर उघडून बसायचं, मुलांच्या परीक्षा, ऑफिसचं क्लोजिंग, घरातले सणवार, आणि हो, पाळीच्या तारखासुद्धा, हे सगळं बाजूला काढलं की दोन-तीनच तारखा उरतात, त्यातली एक त्याच फोनवर पक्की करायची. शक्य असेल तर शनिवार-रविवार न घेता रविवार-सोमवार घ्या. एक दिवस रजा जाते पण रविवारी दुपारनंतर हिल स्टेशन रिकामं व्हायला लागतं, हॉटेलचे रेटही बरेच खाली येतात आणि रूम निवडायला मिळते. लाँग वीकेंडच्या वाटेला तर जाऊच नका.

घरी सांगताना "आम्ही जाऊ का?" असं विचारायचं नाही, "आम्ही अमुक तारखेला जातोय" असं सांगायचं. यात उद्धटपणा नाही, विचारलं की समोरच्याला अडचणी शोधाव्याच लागतात, सांगितलं की तोच माणूस "बरं मग त्या दिवशी डबा मी बघतो" म्हणतो.

घराची सोय कागदावर

ताईच्या फ्रिजवर एक कागद लागतो, आणि तो इतका चांगला असतो की मी तिचा बघूनच माझा बनवते. त्यावर एवढंच: दूध किती घ्यायचं, सासऱ्यांच्या सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या (गोळ्या आधीच वारांच्या डबीत भरून), सोमवारी युनिफॉर्म कुठला, इडलीचं पीठ खालच्या कप्प्यात, पाणी किती वाजता येतं, आणि अडीअडचणीला शेजारच्या काकूंचा नंबर. स्वयंपाक करून फ्रिज गच्च भरून जायची गरज नाही, दोन दिवस वरणभात आणि ऑम्लेटवर घर मजेत चालतं. तिथे गेल्यावर घरी रात्री साडेआठला एकच फोन, दहा मिनिटं, बाकी काही तातडीचं असेल तरच त्यांनी करायचा. मोजे कुठे आहेत हे तातडीचं नाही.

आईचा प्रश्न जरा नाजूक असतो. "दोघी एकत्र येताय तर इकडेच या की" असं ती म्हणणारच, आणि तिला बरोबर न्यायचा मोहही होतो. नेऊ नका. आईबरोबरची ट्रिप जरूर करा, वेगळी करा, पण आई बरोबर असली की दोघी परत लेकी होतात आणि सगळा दिवस तिच्या चहापाण्यात आणि गुडघ्यांच्या काळजीत जातो. तिला आधीच स्पष्ट सांगा आणि पुढच्या आठवड्यात भेटायला जा, आमची आई तर आता स्वतःच विचारते, यंदा जाणार की नाही म्हणून.

पैसे

भावंडांत पगार सारखे नसतात आणि ते उघड बोललंही जात नाही, म्हणून आधीच ठरवून टाका. आमच्याकडे रूमचं बुकिंग दोघींपैकी एकीकडे, बाकी सगळ्यासाठी एक कॉमन पाकीट. नेरळला भेटलो की दोघींनी सारखे पैसे त्यात टाकायचे, टॅक्सी, चहा, घोडा, चिक्की सगळं त्यातूनच. मग "राहू दे गं मी देते" ही ओढाताण काउंटरवर होत नाही. आणि कॅशच ठेवा, वर नेटवर्क जातं येतं आणि एटीएमवर अवलंबून राहण्यात अर्थ नाही.

माथेरानच का

नेरळ मुंबई-पुण्याच्या मध्ये पडतं, दोघींना ट्रेनने येता येतं, हे एक कारण. खरं कारण म्हणजे माथेरानच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी गाड्यांना बंदी आहे. म्हणजे कुणी ड्रायव्हर होत नाही, कुणी पार्किंग शोधत नाही, पुढे फक्त लाल मातीची वाट, दोन्ही बाजूंना दाट झाडी, आणि चालणं. समोरासमोर बसून "बोल आता" म्हटलं की काही सुचत नाही, पण शेजारी शेजारी चालताना माणूस बोलायला लागतो, वर्षानुवर्षं न काढलेला विषयसुद्धा काढतो. ट्रिप यासाठीच तर आहे, त्यामुळे जागा कुठलीही घ्या पण भरपूर चालता येईल अशी घ्या.

जायचं कसं: मुंबईकडून कर्जत किंवा खोपोली लोकल, बदलापूर, वांगणी, शेलू आणि मग नेरळ. पुण्याहून कर्जतला थांबणारी गाडी पकडायची आणि तिथून मुंबईकडे जाणारी लोकल, भिवपुरी रोड झालं की नेरळ. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, तो आदल्या दिवशी बघून घ्या. नेरळ स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी मिळतात, घाटातून दस्तुरीपर्यंत सोडतात. तिथे प्रवेश कर भरायचा आणि मग बाजारपेठेपर्यंत साधारण अडीच किलोमीटर चाल, नाहीतर जवळच्या अमन लॉज स्टेशनहून शटल ट्रेन. घोडे, हमाल असतात, थोड्या ई-रिक्षाही आहेत, पण भाव आधी ठरवा. सामान पाठीवरच्या सॅकमध्येच आणा, चाकांची बॅग त्या वाटेवर ओढताना दोघींचाही जीव जातो.

आता मिनी ट्रेन. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली ही लाइन १९०७ मध्ये सुरू झाली, नेरळपासून वरपर्यंत सुमारे २१ किलोमीटर, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज करत अडीच तासांच्या वर वेळ घेते. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज भाग बंद असतो, वरची शटल चालू असते. नेरळहून गाड्या मोजक्या आणि सीट्स कमी, पुण्याहून येणारीला सकाळची गाडी गाठणं अवघड, म्हणून माझा सल्ला असा की चढताना टॅक्सी करा आणि सोमवारी उतरताना मिनी ट्रेन धरा, गर्दीही कमी असते. छोट्याशा डब्यात गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, वळणांवर खालचं नेरळ कधी डाव्या खिडकीत कधी उजव्या, घाई कसलीच नाही. वेळापत्रक बदलतं, जायच्या आठवड्यातच बघा.

रूम घेताना

फोनवर दोनच गोष्टी विचारा, बेड वेगळे आहेत का आणि जेवणासकट रेट किती. माथेरानला बरीच हॉटेलं नाश्ता-जेवणासकट देतात आणि तेच घ्या, म्हणजे काय खायचं हा निर्णय दोन दिवस तुमच्या डोक्यावर नाही. बेड वेगळे यासाठी की दोघींच्या झोपायच्या सवयी आता बदललेल्या असतात, एकीला पंखा फुल्ल लागतो, दुसरीला पाठ धरते. बाजारपेठेपासून फार लांबचं हॉटेल नको, रात्री वाटा अंधाऱ्या असतात, टॉर्च तर लागतोच. पांढरे बूट घरीच ठेवा. हातात खाऊचं पाकीट उघडं धरून चालू नका, माकडं सरळ हातातून नेतात.

तिथे गेल्यावर

घोडेवाले बारा पॉइंट, सात पॉइंट अशी पॅकेजं सांगतात. नको. एका दिवशी एक लांब फेरी पुरे. रविवारी जेवून थोडं पडायचं आणि संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंटला, सूर्य उतरायला लागला की समोर प्रबळगड आधी तपकिरी आणि मग अगदी काळा होत जातो, ते बघायला अर्धा तास आधी पोचा. सोमवारी सकाळी शार्लोट लेक, तिथलं पिसरनाथाचं देऊळ, मग एको पॉइंट, लुईझा पॉइंट. सकाळी लवकर निघालात आणि गप्प राहिलात तर झाडावर शेकरू दिसतो, मान वर ठेवा, लांब झुपकेदार शेपूट फांदीवरून खाली लोंबत असते. पॅनोरमा पॉइंट सुंदर आहे पण लांब आहे, तो पुढच्या वेळेला.

एक नियम मी आग्रहाने सांगेन. मोठीला दोन दिवस मोठी होऊ द्यायचं नाही. ताईला सवयच आहे, पाण्याची बाटली ती भरणार, तिकीट ती काढणार, "स्वेटर घेतलास का" ती विचारणार. तर धाकट्याने सगळी सूत्रं हातात घ्यायची, चहा सांगणं, रस्ता विचारणं, हिशोब, सगळं. पहिले दोन-तीन तास ती अस्वस्थ होते, नंतर खांदे खाली येतात, आणि मग ती स्वतःबद्दल बोलायला लागते, जे घरी कधीच होत नाही.

जड विषय असतातच, आईबाबांचं दुखणंखुपणं, घर, पैसे. ते टाळू नका पण दोन दिवसभर पसरूही देऊ नका. आम्ही एक फेरी त्यासाठी ठेवतो, शार्लोट लेकपासून लुईझापर्यंतची. मागे तलावाच्या बंधाऱ्याजवळ बसून आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं ठरवलं, ताईने फोनच्या नोट्समध्ये लिहून घेतलं: मेडिक्लेमची पॉलिसी कुणाकडे, एफडीला नॉमिनी कोण, लॉकरची किल्ली कुठे, पहिला आठवडा कोण राहणार आणि दुसरा कोण. लिहून झालं की विषय बंद. घराच्या वाटणीचं असेल तर बोला, पण तिथे काही कबूल करू नका, तो निर्णय घरी, कागदपत्रं समोर ठेवूनच.

भांडण होऊ शकतं, लहानपणचं काहीतरी निघतं, "तुला सायकल मिळाली मला नाही" इतकं जुनं. झालं तर बॅग भरायची नाही, आवाज चढला की एक तास वेगवेगळ्या दिशांना फिरून यायचं आणि ठरलेल्या टपरीवर चहाला भेटायचं. खरं तर भांडण नसलं तरी दुपारचा एक तास ज्याचा त्याचा ठेवा. ताई झोपते, मी बाजारात चपला बघत फिरते.

फोटो काढा, पण स्टेटसला घरी पोचल्यावरच टाका. नाहीतर मावश्या, आत्या, चुलत बहिणी सगळ्यांचे मेसेज तिथेच सुरू होतात आणि अर्धा वेळ त्यांना उत्तरं देण्यात जातो.

चिक्की सोमवारी निघतानाच घ्या, आधी घेतली तर उगाच वागवावी लागते आणि माकडांचं लक्ष जातं. कॉमन पाकिटात उरलेल्या पैशांत दोन्ही घरांसाठी सारखी पाकिटं. आणि नेरळ स्टेशनवर वेगवेगळ्या गाड्या पकडायच्या आधी पुढची तारीख दोघींच्या फोनमध्ये टाकून घ्या, सहा महिन्यांनंतरची का असेना.