जुन्या एमजीचा सौदा: टोकन देण्याआधीची तयारी

रिस्टोअर केलेली एमजी टीसी किंवा टीडी, म्हणजे एमजीच्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांची मॉडेलं, बघायला निघालात की टॉर्च, चुंबक, छोटा आरसा हे सगळं न सांगता पिशवीत जातं. घरी राहतात त्या चार फालतू वाटणाऱ्या वस्तू: मऊ पेन्सिल, पातळ कागद, पितळी तारेचा ब्रश आणि थोडं पेंट रिमूव्हर. त्या आधी टाका. चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, लोखंडात ठोकलेला नंबर स्वतः वाचून, कागद ठेवून वर पेन्सिल घासून त्याची छाप घेऊन, आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर जुळवल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. पाच हजारांचंसुद्धा नाही.

इंजिनच्या बाजूला स्क्रूने लावलेली पाटी म्हणजे चासी नंबर नव्हे. तशा कोऱ्या पाट्या विकत मिळतात आणि त्यावर हवा तो नंबर ठोकून घेता येतो. इंजिन नंबरचंही तेच. तो अष्टकोनी पितळी चकतीवर असतो आणि चकती ब्लॉकला रिव्हेटने बसवलेली असते. रिव्हेट नवे दिसले तर ती कधी आणि का काढली ते विचारा. खरा चासी नंबर असतो चासीच्या डाव्या बाजूच्या रेलवर (लांब लोखंडी पट्टीवर), पुढच्या टोकाला. तिथे वाकून बघायचं. रिस्टोअर केलेल्या गाडीत नेमकी इथेच गोची होते: चासी सँडब्लास्ट करून (वाळूच्या माऱ्याने घासून) वर जाड पावडर कोटिंग केलं की खोदलेले आकडे बुजतात, कधी ब्लास्टिंगमध्येच निम्मे झिजतात. विकणारा म्हणेल, ‘रंग खराब होईल हो.’ होऊ दे, दोन इंचांचा रंग पुन्हा मारता येतो. तो ऐकतच नसेल तर चहा प्या आणि निघा.

छाप मिळाली की आरसी उघडा. टीसी आणि टीडी या दोन्ही मॉडेलांचे नंबर कारखान्याने ०२५१ पासून सुरू केले, कारण अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याचा फोन नंबर २५१ होता. त्यामुळे आरसीवर टीडी ०१४३ असं काही दिसलं तर कुठेतरी घोळ आहे हे घरबसल्या कळतं. जुन्या आरसी हाताने लिहिलेल्या. शून्याचा ओ होतो, एकाचा सात होतो, एक्सपीएजी ही इंजिनाची अक्षरं गळतात, काही वेळा तर इंजिन नंबर चासीच्या रकान्यात जाऊन बसतो. त्यात जुन्या नोंदी आरटीओच्या ‘वाहन’ पोर्टलवर मागाहून चढवताना आणखी एक चूक पडू शकते, म्हणून पुस्तक, पोर्टल आणि लोखंड या तिन्हींचा मेळ बघा. ट्रान्सफरच्या वेळी आरटीओत चासीची छाप लागतेच. तफावत तिथे निघाली तर गाडी तुमच्या दारात, पैसे त्याच्या खात्यात आणि दुरुस्तीचे हेलपाटे तुमच्या नशिबात. नोंद चुकली असेल तर ती दुरुस्त करून देणं विकणाऱ्याचं काम, आणि तेही टोकनच्या आधी.

इंजिन नंबर जुळत नसेल तर गाडी सोडूनच द्यावी असं नाही, भाव मात्र वेगळा लागेल. आपल्याकडे जुन्या गाड्यांत सुटे भाग मिळत नाहीत म्हणून अँबेसेडरचं १४८९ सीसी इंजिन बसवायची पद्धत होती. तशी एमजी मजेत चालेल, पण २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली असावी लागतात आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल चालत नाही. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण पाच हजार. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. आणि ही गाडी घेऊन रोज ऑफिसला जायचा बेत असेल तर आत्ताच सोडा: व्हिंटेज नोंदणीवर रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतंच रस्त्यावर यायची मुभा आहे.

आता बॉडी. पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा आहे हे रंग बघून भुलणारे विसरतात. टीडीची दारं मागच्या बाजूला बिजागऱ्यांवर असतात. दार अर्धं उघडून पुढच्या कडेने हलकेच वर उचला. बिजागरीच झिजली असेल तर किरकोळ काम, पण मागचा खांबच हलला तर आतलं लाकूड गेलं, म्हणजे पत्रा उतरवून पुन्हा श्रीगणेशा. दाराखालच्या मुख्य लाकडाला खालून स्क्रूड्रायव्हर टोचा, भुसा पडला की वाळवी. मूळच्या अ‍ॅश लाकडाऐवजी सागवान वापरलं असेल तर मला त्यात वावगं वाटत नाही, पण मग ‘शंभर टक्के ओरिजिनल’ म्हणून भाव लावू नये. टीडीला तारांची चाकं दिसली तर ती नंतर चढवलेली. टीडी कारखान्यातून पत्र्याच्या चाकांवरच निघायची.

इंजिन थंड असतानाच सुरू करून बघायचं. पोचल्यावर रेडिएटरला हात लावा. गरम लागला तर कोणीतरी आधीच मनवून ठेवलंय. गरम झाल्यावर चालत्या गाडीत ऑइल प्रेशर चाळीस पीएसआयच्या खाली नको. इंजिनाच्या मागून ऑइलचे दोनचार थेंब गळणारच, तिथे रबरी सील नसून नुसती स्क्रोल, म्हणजे ऑइल आत परत ढकलणारी पेचदार खाच, आहे. धार लागली तर मात्र विचार करा. रेडिएटरमध्ये बुडबुडे किंवा ऑइलला दुधाळ रंग असेल तर हेडला तडा गेल्याची शंका घ्या. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, दहा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. नट-बोल्टही बघा: या इंजिनाचे आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थची, कारण ही इंजिनं बनवणारा कॉव्हेंट्रीचा कारखाना मूळचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. हे माहीत नसलेला मिस्त्री इंची बोल्ट दाबून पिळतो आणि ब्लॉकचे आटे मारतो. दुसऱ्या गिअरची सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून असलेली यंत्रणा) खरखरते का पाहा. बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला असतो हे जंप स्टार्ट देणाऱ्याला आधी सांगा.

मधेच आठवण: छाप घेतली का? फोटो नव्हे, छाप. फोटोत तीन आणि आठ सारखेच दिसतात.

कागद. गाडी नावावर करायला, मालक हयात नसेल तर फॉर्म ३१ आणि सगळ्या वारसांची संमती, एकट्या मुलाच्या सहीवर जाऊ नका. एरवी फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ वर एनओसी. व्यवहार आरटीओला कळवायला घेणाऱ्याला तीस दिवस. विकणाऱ्याला त्याच राज्यात चौदा, बाहेर पंचेचाळीस. विमा चौदा दिवसांत नावावर करा आणि ठरलेल्या किमतीचा घ्या, नाहीतर घसारा लावून हातात चिंचोके देतील.

विकणाऱ्यांसाठी थोडक्यात: काम उघडं असतानाचे फोटो, बिलं, काय मूळचं नाही त्याची खरी यादी. आणि छाप स्वतःच काढून सौद्याच्या कागदाला जोडा, दोन्ही नंबर त्यात लिहा, म्हणजे घासाघीस निम्मी होते.

न्यायला फ्लॅटबेड. पट्टे चाकांना, एक्सलला नाही. बॅटरी सोडवा, पेट्रोल कमी ठेवा, हूड (कापडी छप्पर) आणि साइड कर्टन (बाजूचे काढता येणारे पडदे) वेगळे मोजून घ्या, ते हमखास मागे राहतात.